कॅन्सरचे उपचार संपल्यावर पुन्हा कामावर : कधी, कसे, किती?

निशिगंध | 9 मे, रात्री 9:40

माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. वय 52. उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो आणि रेडिएशन झाले. आता रोजची लेट्रोझोलची (हार्मोन कमी करणारी) गोळी तेवढी चालू आहे. जूनमध्ये शाळा उघडताना रुजू व्हायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ‘फिट फॉर ड्यूटी’, एवढेच.

पण तो कागद लिहिणाऱ्यांनी माझी शाळा पाहिलेली नाही. दहावीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. एकेका वर्गात साठाच्या वर मुले. पंख्याच्या खडखडाटावर आवाज चढवायचा, सलग तासिका घ्यायच्या, उजव्या हाताने खांद्याच्या वर फळ्यावर लिहायचे. वह्यांचे गठ्ठे, परिपाठाला उन्हात उभे राहणे, पोर्टलवर माहिती भरणे हे वेगळेच. गोळीमुळे सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटे इतकी आखडलेली असतात की पहिल्या तासिकेला खडू नीट धरता येईल का, याचीच शंका आहे.

आणि लोकांना हे दिसत नाही. केस आले, चेहऱ्यावर रंग आला, म्हणजे बाई बऱ्या झाल्या, असा सगळ्यांचा हिशेब. दुपारी दोननंतर मला आमटी ढवळायचेही त्राण राहत नाही.

मला कामावर जायचे आहे. पगाराची गरज आहेच. शिवाय वर्गात उभी राहिले की मी तेवढा वेळ कुणाची पेशंट नसते, त्याचीही मला गरज आहे. जे यातून गेले आहेत त्यांनी लिहा : पहिले महिने कसे काढले, वरिष्ठांकडे नेमके काय मागितले, सहकाऱ्यांना किती सांगितले? ‘सकारात्मक राहा’ एवढे मात्र लिहू नका, ते रोज ऐकते आहे. तपशील हवे आहेत.

दुपारचा_चहा | 9 मे, रात्री 10:25

निशिगंधताई, मी बँकेत आहे, ठाण्याला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, शस्त्रक्रिया आणि ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो. ज्यांनी ते औषध घेतले त्यांना ठाऊक आहे, थंड पाण्याचा पेला हातात घेतला तरी बोटांत सुया टोचतात. ते डोसनंतरचे काही दिवस. पण बोटांचा बधिरपणा मात्र औषध थांबल्यावरही राहिला, उलट पहिले काही महिने वाढला. असे होऊ शकते, हे मला आधी कुणी सांगितले नव्हते, म्हणून इथे सांगतो.

मी रोखपाल होतो. नोटा मोजताना बोटांना नोट लागतच नव्हती. यंत्र असले तरी फाटकी नोट, चिकटलेली नोट हातालाच कळते. रोखीत तूट आली तर भरपाई माझी. म्हणून शाखा व्यवस्थापकांना आजाराबद्दल काही न सांगता एवढेच सांगितले : ‘बोटांना संवेदना कमी आहे, रोख काउंटर सध्या नको, कर्जविभागात कागदपत्रे तपासायला बसतो, आणि माझी जागा एसीच्या झोतासमोरून हलवा.’ दोन्ही गोष्टी लगेच झाल्या. ‘मला अजून बरे वाटत नाही’ एवढेच म्हणालो असतो, तर ‘अजून रजा घ्या’ असे उत्तर आले असते आणि रजा तर संपली होती.

डोक्याचेही लिहितो. ओळखीच्या खातेदाराचे नाव ओठांवर यायचे नाही. एक फाइल वाचताना मध्ये फोन आला की फाइल पुन्हा पहिल्या पानापासून. केमोनंतर पुष्कळांना असे होते आणि बहुतेकांचे हळूहळू सुधारते, असे डॉक्टर म्हणाले. तोवर खिशात छोटी वही. कुणी काही सांगितले की लगेच त्यात. वही अजून आहे.

अबोली_७ | 9 मे, रात्री 11:02

ताई, आमच्या गोव्याचे मनोहर पर्रीकर आठवा. जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. इच्छाशक्ती असेल तर माणूस काय करू शकत नाही! तुम्हीही नक्की कराल.

निशिगंध | 10 मे, सकाळी 7:15

अबोली, तुमची भावना पोचली. पर्रीकरांबद्दल मलाही आदर आहे. पण ते त्याच वर्षी मार्चमध्ये गेले, तेही विसरू नये. त्यांचा आजार शेवटच्या टप्प्यातला होता आणि उरलेला वेळ कशात घालवायचा, हे त्यांनी ठरवले होते. मला निवृत्तीपर्यंतची वर्षे शिकवायचे आहे. रोज, झेपेल तेवढे आणि टिकेल असे. इच्छाशक्तीच्या गोष्टी ऐकून वरिष्ठांना वाटते की जे थकतात त्यांची इच्छाच कमी. माझी इच्छा भरपूर आहे, हिमोग्लोबिन कमी आहे.

वाकडी_वाट | 10 मे, सकाळी 7:50

+1. ‘योद्धा’ म्हणून पुष्पगुच्छ दिला आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मागच्या सगळ्या फाइली ठेवल्या. माझ्या बाबतीत झालेले आहे.

हाडवैद्य_नव्हे | 10 मे, सकाळी 11:30

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरच्याच रुग्णांबरोबर काम करते. ताई, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा, पण काही गोष्टी सर्वांसाठी लिहिते.

पहिली गोष्ट थकव्याची. हा थकवा झोपून जात नाही. म्हणून ‘आणखी महिनाभर पडून राहते, मग जाते कामावर’ हा बेत बहुधा फसतो. पडून राहिल्याने स्नायू आणखी उतरतात. यावर सगळ्यात चांगला उतारा ठरलेला आहे तो नियमित व्यायाम : रोज चालणे आणि बेताबेताने ताकदीचे व्यायाम. मात्र त्याआधी रक्तक्षय, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी यांची तपासणी करून घ्या, कारण यांतले काही असेल तर त्यावर वेगळा उपचार आहे. हिमोग्लोबिनचे लिहिलेत, तर ते का कमी आहे ते आधी विचारा.

शाळा सुरू व्हायला महिना आहे. आतापासून शाळेच्या वेळेला उठा, शाळेच्या वेळेला डबा खा, दिवसातून एकदा जिने चढा. आज एक मजला, आठवड्याने दोन. घरी आरशासमोर किंवा नातवंडापुढे मोठ्याने धडा वाचा. आवाजाचाही सराव सुटलेला असतो. पहिल्या दिवशी जिना, आवाज, उभे राहणे आणि गोंगाट हे सगळे एकदम अंगावर येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट हाताची. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो आणि ती काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही येऊ शकते. ‘हात वापरूच नका’ हा जुना सल्ला आता आम्ही देत नाही. हात वापरायचा, भार हळूहळू वाढवायचा. फळ्यावर लिहिताना वरच्या भागात मुलांना लिहायला सांगा, तुम्ही खांद्याच्या खाली लिहा. चार-पाच ओळी झाल्या की हात खाली, मूठ उघड-मीट. पर्स आणि वह्या डाव्या हाताला. त्याहून बरे म्हणजे वह्या मुलांनीच शिक्षकखोलीत आणून ठेवाव्यात. बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट वाटली, हात जड वाटला, ब्लाउजची बाही रुतायला लागली, तर लगेच दाखवा. दाबाची बाही (सूज आवरायला हातावर घालायची घट्ट बाही) लागली तर ती मापाने बसवून घ्यायची असते, दुकानातून अंदाजाने आणू नका. आणि हात लाल होऊन गरम लागला, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यात उद्यावर ढकलायचे नाही.

सकाळचा आखडलेपणा लेट्रोझोलने बऱ्याच जणींना येतो. हालचाल केल्यावर सैल होतो. घरून निघण्याआधी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम. तरी सोसवत नसेल तर गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडे दुसरे पर्याय असतात.

निशिगंध | 10 मे, दुपारी 4:10

हाडवैद्य_नव्हे, किती नेमके लिहिलेत! बांगडीचे मला कुणी सांगितलेच नव्हते. आजच जिना एकदा चढले.

मनुष्यबळ_पुणे | 10 मे, रात्री 8:45

मी कारखान्यात एचआरमध्ये आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो.

‘फिट’ असा शेरा आला की आम्ही माणसाला जुन्या जागी पूर्ण वेळ पाठवतो, ‘अनफिट’ आला की रजेवर. मधले काही कागदावर नसेल तर आम्हाला करता येत नाही, करायचे असले तरी. म्हणून डॉक्टरांकडून आजाराचे वर्णन मागू नका, क्षमतेचे मागा. उदाहरणार्थ : ‘पहिले सहा आठवडे रोज चार तास काम, रात्रपाळी नको, उजव्या हाताने पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.’ आकडे तुमचे डॉक्टर ठरवतील. पण मुदत आणि पुन्हा तपासणी हे दोन्ही हवेतच. मुदत नसेल तर साहेबाला वाटते ही सवलत आयुष्यभराची आहे आणि तो बिचकतो.

एक कडू गोष्ट. आपल्याकडे खासगी नोकरीत ‘आजारानंतर हळूहळू कामावर घ्या’ असे मालकाला बांधून घालणारा सरसकट कायदा नाही. सततच्या आजारपणामुळे काढले तर औद्योगिक कायद्यात ती ‘छाटणी’सुद्धा धरली जात नाही, म्हणजे छाटणीची भरपाईही नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्यांना जरा आधार आहे : कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत येतो, सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर वेतनाच्या 80 टक्के दराने वाढीव आजारपण-लाभ मिळतो, कमाल दोन वर्षांपर्यंत. पण ईएसआय 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच. बाकीच्यांचे पुष्कळसे त्या-त्या साहेबावर अवलंबून. हे मला बरोबर वाटत नाही, पण आहे ते असे आहे.

राजीनामा द्यायच्या विचारात कुणी असेल तर आधी गटविमा बघा. कंपनीच्या गटविम्यात जुने आजार बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. नोकरी सोडली की ते छत्र जाते आणि वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकतात. सोडायचीच असेल तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे सोडण्याआधी विचारा.

धुळपाटी | 11 मे, सकाळी 9:05

मनुष्यबळ, नवीन नोकरीच्या मुलाखतीत सांगायचे का? माझे उपचार (लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर) संपून बराच काळ झाला. मधली रिकामी जागा बायोडेटात दिसते, प्रत्येक ठिकाणी विचारतात.

मनुष्यबळ_पुणे | 11 मे, सकाळी 9:40

मुलाखतीत आपणहून निदान सांगायचे बंधन नाही. ‘प्रकृतीच्या कारणाने कामातून बाहेर होतो, उपचार आता पूर्ण झाले आहेत, या कामाला अडचण नाही’ एवढे पुरते. पण रुजू होतानाच्या वैद्यकीय अर्जात थेट प्रश्न असेल तर खोटे लिहू नका. पुढे तीच खोटी माहिती काढून टाकायचे कारण होते.

वाकडी_वाट | 11 मे, सकाळी 10:15

मी सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. सांगितले त्या दोन ठिकाणांहून ‘कळवतो’ म्हणाले आणि कळवले नाही. तुमचे म्हणणे कागदावर बरोबर आहे, पण सांगण्याची किंमत सांगणाराच मोजतो.

थेम्सकाठ | 11 मे, दुपारी 3:30

लंडनहून. इथे 2010 च्या समानता कायद्यात कॅन्सर हा निदान झाल्या दिवसापासून अपंगत्व धरला जातो आणि बरे झाल्यावरही ते संरक्षण राहते. त्यामुळे ‘वाजवी बदल’ करून देणे मालकावर बंधनकारक आहे. मला कंपनीच्या आरोग्य विभागाने वेळापत्रक करून दिले : सुरुवातीला आठवड्यातले काही अर्धे दिवस, तेही सलग नाहीत, मग वाढवत नेले. तपासणीसाठीची सुट्टी वेगळी.

एक मात्र आधी कळायला हवे होते. तास कमी केले, पण काम तेवढेच ठेवले, तर काही उपयोग नाही. अर्ध्या दिवसात पूर्ण दिवसाच्या ईमेल येतात. तास कमी करताना कोणते काम कोणाकडे जाणार, हेही लिहून घ्या. निशिगंधताई, शाळेत हे जास्तच लागू पडेल असे वाटते.

नदीकाठचा | 11 मे, रात्री 9:20

आमच्या वडलांचं लिहितो. तालुक्याच्या ठिकाणी तहसील कचेरीत शिपाई. सुनावणीच्या दिवशी पुकारा करायचं काम त्यांचंच. आवाज असा की खाली झाडाखाली बसलेल्या पक्षकारालाही ऐकू जायचा. स्वरयंत्राचा कॅन्सर झाला आणि सबंध स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास आता गळ्यावरच्या छिद्रातून.

घरी सगळ्यांनी धरलं होतं की नोकरी गेली. तसं झालं नाही. एकतर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्यासाठी वेगळ्या रजेची तरतूद आहे. आमच्या आस्थापना लिपिकानेच ती शोधून दिली, त्या माणसाचे उपकार आहेत. दुसरं म्हणजे अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. कॅन्सर त्या यादीत नाही, पण स्वरयंत्र काढल्याने आलेलं वाचादोषाचं अपंगत्व त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. आणि त्याच कायद्याच्या 20व्या कलमाप्रमाणे सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं ओळखपत्र) काढलं. वेळ लागला, पण झालं.

पुकाऱ्याऐवजी त्यांना अभिलेख कक्ष दिला. हेतू चांगला होता, शांत जागा म्हणून. पण जुन्या सातबाऱ्यांची आणि फेरफारांची धूळ थेट गळ्यातल्या छिद्रात जायची. नाक नाही ना मध्ये गाळायला. खोकून बेजार. मग आवक-जावक टेबलावर बसवलं, गळ्यावर सुती जाळीचा रुमाल. आता गळ्याला लावायच्या यंत्राने बोलतात. आवाज यंत्रातला येतो, पहिल्यांदा येणारी माणसं दचकतात, दुसऱ्या खेपेला ‘काय काका’ म्हणून बसतात.

जागा बदलून मागताना नवीन जागेत धूळ, ऊन, पायऱ्या काय आहे ते आधी जाऊन बघून या. एवढंच सांगायचं होतं.

दुपारचा_चहा | 11 मे, रात्री 9:55

नदीकाठचा, काकांना नमस्कार सांगा. हे वाचून फार बरे वाटले.

पाऊलवाट | 12 मे, सकाळी 8:30

सगळ्यांचे वाचतेय. माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना निशिगंधताईंसारखाच आजार झाला. सरकारी योजनेतून उपचार झाले. त्या चार घरी पोळ्या करतात. रजा, फिटनेस, एचआर यांतले त्यांना काहीच नाही. दोन घरांनी दुसरी बाई लावली. त्या म्हणतात, ‘ताई, सोमवारपासून येते.’ रेडिएशन नुकतेच संपलेय. मी नको म्हटले तर त्यांचे पैसे जातात, हो म्हटले तर काय होईल कळत नाही.

हाडवैद्य_नव्हे | 12 मे, दुपारी 1:15

पाऊलवाट, हा प्रश्न इथे आणलात हे फार चांगले केलेत. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी अशाच आहेत आणि त्यांना ‘विश्रांती घ्या’ असे सांगताना माझीच जीभ अडखळते.

रेडिएशनची कातडी भरून येईपर्यंत गॅसच्या धगीसमोर तासभर उभे राहणे टाळायला हवे. त्यानंतरही त्या हाताला लाटण्याची तीच तीच हालचाल आणि वर धग, हे दोन्ही मिळून सूज वाढवू शकतात. पण काम अजिबात नको असे नाही. कणीक मळायला यंत्र असेल तर ते वापरा, नाहीतर तुम्ही मळून ठेवा. थोड्या पोळ्या झाल्या की बसायचे, हात उशीवर उंच. भाजणे दुसऱ्या कुणीतरी. खिडकी उघडी, सैल सुती ब्लाउज. पाण्याच्या बादल्या, पिठाचा डबा उचलणे नको. पिठाचा डबा ओट्यावरच काढून ठेवा. उरलेल्या घरांशी तुम्हीच बोला, त्यांनी बोलण्यापेक्षा तुमच्या शब्दाला वजन येईल. आणि शक्य असेल तर पहिले दोन महिने पोळ्या निम्म्या, पगार पूर्ण.

पाऊलवाट | 12 मे, दुपारी 2:00

पगार पूर्णच देतेय. बाकीच्या घरांशी आज बोलते.

आकडेमोड | 12 मे, रात्री 10:10

पैशांचे थोडक्यात. आयकराच्या जुन्या पद्धतीत 80डीडीबी कलमाखाली कॅन्सरच्या उपचारखर्चाची वजावट मिळते : 40,000 रुपयांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर 1 लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरांचे लिखित हवे आणि विम्याने भरलेली रक्कम त्यातून वजा होते. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, तेव्हा पद्धत निवडताना बघा. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी रेल्वेने जाताना कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते. शयनयान आणि एसी थ्री-टियरमध्ये रुग्णाचे भाडे पूर्ण माफ. रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईत लोकलच्या अपंगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णांना जाता येते. कुणी हटकले तर वाद घालू नका, दाखल्याची प्रत पुढे करा.

शेवंतीचे_झाड | 13 मे, सकाळी 6:50

मी परतले नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली. पेन्शन बसत होते, मुलगा कमावता होता. दोन वर्षे लोक विचारत होते, ‘मग आता करता काय?’ सकाळी फिरते, दुपारी वाचते. ज्यांना परवडते त्यांनी न परतणेही विचारात घ्यावे. तेही या धाग्यात असू द्या.

निशिगंध | 13 मे, रात्री 8:20

शेवंती, अगदी असू द्या. मी तो विचार केला होता. माझे मन तिकडे वळले नाही, इतकेच.

सगळ्यांचे वाचून मुख्याध्यापकांना द्यायचे पत्र लिहिले आहे. मजकूर असा :

‘मी 16 जूनपासून रुजू होत आहे. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले आहे. त्यानुसार दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढील व्यवस्था शक्य झाल्यास करावी ही विनंती : माझ्या तासिका तळमजल्यावरील वर्गांत असाव्यात. सलग दोनपेक्षा जास्त तासिका नसाव्यात. शेवटच्या दोन तासिका मोकळ्या असाव्यात, त्या वेळेत मी बसून वह्या आणि उत्तरपत्रिका तपासेन. वर्गशिक्षकपद आणि पोर्टलचे काम या सत्रात दुसऱ्या शिक्षकांकडे असावे. वर्गात गळ्यात अडकवायचा लहान माईक वापरण्यास परवानगी असावी, तो मी स्वतः आणेन. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी करून नवीन प्रमाणपत्र सादर करेन.’

पोर्टलचे काम ज्या सहकारी घेणार आहेत त्यांच्याशी आधीच बोलले. बदल्यात त्यांच्या नववीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका मी तपासणार. मुलांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे : बाई आजारी होत्या, उपचार झाले, हा आजार तुम्हाला लागणार नाही, विचारायचे असेल ते विचारा. आठवी-नववीची मुले आहेत, मागे कुजबुजण्यापेक्षा समोर विचारलेले बरे.

डॉक्टरांकडून नवे प्रमाणपत्र मिळाले. या वेळी शाळेचे वेळापत्रक, जिने, फळा सगळे कागदावर लिहून नेले होते. त्यांनी ते वाचून मजले आणि तासिका यांसकट लिहून दिले. आधी कुणी असे विचारले नव्हते, म्हणाले.

मनुष्यबळ_पुणे | 13 मे, रात्री 9:00

उत्तम पत्र. दोन सुधारणा. ‘शक्य झाल्यास’ काढा, प्रमाणपत्र जोडले आहे ना. आणि दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी ठेवा. दिवाळीच्या आत मुख्याध्यापक बदलले तर तीच उपयोगी पडेल.

निशिगंध | 13 मे, रात्री 9:10

काढले. सुट्टीत कार्यालय दुपारी एकपर्यंत उघडे असते, उद्याच देऊन येते.